वाशिष्ठीच्या मगरी बघायला जाताना

हिवाळा लागला की पालकांचा एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. "मुलांना कुठे न्यावे? फार लांब नको, खर्च बेताचा असावा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत नेता आले पाहिजे." वॉटर पार्क झाले, मॉल झाले, किल्लेही झाले. यंदा आम्ही एक वेगळे ठिकाण सुचवत आहोत. चिपळूणला जा, होडीत बसा आणि वाशिष्ठी नदीतल्या मगरी बघा. पिंजऱ्यातल्या नव्हेत, अगदी मोकळ्या, आपल्या मर्जीने जगणाऱ्या.

आमच्या उर्दूच्या तासाला "मगर" हा शब्द आला की वर्गात हसू पिकते. उर्दूत "मगर" म्हणजे "परंतु", आणि प्राण्याला "मगरमच्छ" म्हणायचे. मराठीच्या तासाला तोच शब्द पाण्यातून डोके वर काढतो. दोन्ही भाषांत म्हणही आहे. मराठी माणूस म्हणतो, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. उर्दू-हिंदी बोलणारा माशाच्या जागी मगरमच्छ घालतो. चिपळूणच्या खाडीकाठच्या लोकांना मात्र ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. ते ती रोज जगतात.

वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते आणि चिपळूण शहराला वळसा घालून दाभोळला अरबी समुद्राला मिळते. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्चनंतर आटतात, ही आटत नाही. याचे कारण घाटमाथ्यावर आहे. कोयना धरणाचे पाणी बोगद्यांतून पोफळी आणि कोळकेवाडीकडे उतरते, त्यावर वीज तयार होते आणि वापरलेले पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. म्हणून ऐन मे महिन्यातही या नदीला गोडे पाणी असते. खालून भरतीचे खारे पाणी चढते, वरून गोडे पाणी उतरते. दोन्ही काठांना चिखलाची बेटे, वाळूचे पट्टे आणि कांदळवन आहे. मासे भरपूर. मगरीला आणखी काय हवे?

इथली मगर ही गोड्या पाण्यातली भारतीय मगर, पण निमखारे पाणीही ती सोसते. ओडिशातल्या भितरकनिकात किंवा सुंदरबनात असणारी खाऱ्या पाण्यातली महाकाय मगर वेगळी, आणि चंबळ नदीतली लांब, निमुळत्या तोंडाची घडियाल वेगळी. आपल्याकडे काही ठिकाणी सरसकट "सुसर" म्हणतात, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. होडीत बसण्याआधी हा फरक सांगून ठेवावा.

आता वेळेचे गणित. मगर बघायची तर ओहोटी हवी. पाणी उतरले की चिखलाचे काठ उघडे पडतात आणि मगरी उन्हाला येतात. जुन्या खाडीकाठच्या माणसांचा हिशेब सोपा आहे: चांद्र तिथीला पाऊणपट करा, जो आकडा येईल ती साधारण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाऊणपट म्हणजे पावणेचार. त्या दिवशी पावणेचारच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. समुद्रापासून चिपळूणपर्यंत आत यायला पाण्याला आणखी वेळ लागतो, तो धरला की अकरा-साडेअकरा होतात. थंडीतले कोवळे ऊन आणि ओहोटी, दोन्ही एकाच वेळी मिळतात.

आपल्या घरात चांदाची तारीख तोंडपाठ असतेच. ती तिथीपेक्षा साधारण एकाने मागे असते. तेव्हा चांदाच्या 4 ते 6 किंवा 19 ते 21 या तारखांना जावे, असे आम्ही सुचवू. तरीही निघण्याआधी होडीवाल्याला फोन करून विचारा. त्याचा शब्द आमच्या गणितापेक्षा पक्का.

आम्ही गेल्या जानेवारीत गेलो. घरातले सहा जण, त्यात सत्तरीच्या अम्मी. होडीवाल्याने आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावले. अम्मींनी बुरख्यावरून घालायला थोडी कुरकुर केली, पण तो हटला नाही. "मावशी, जॅकेट नाही तर होडी नाही." आम्हाला तो माणूस तिथेच आवडला. जो होडीवाला जॅकेट देत नाही किंवा क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरतो, त्याच्या होडीत बसू नका. दहा मिनिटे थांबा, दुसरी होडी मिळेल.

पहिली मगर आमच्यापैकी कुणालाच दिसली नाही, त्याने दाखवली. चिखलात पडलेला ओंडकाच वाटला. इंजिन बंद करून होडी हळूहळू सरकत जवळ गेली तेव्हा पाठीवरचे खवले दिसले. तोंड उघडे, हालचाल शून्य. आमचा आठ वर्षांचा भाचा हळूच म्हणाला, "मामू, ही प्लास्टिकची आहे का?" तेवढ्यात ती पाण्यात गेली. एवढे मोठे धूड, पण पाण्याचा आवाज झाला नाही. होडीत सगळे एकदम गप्प झाले. पावणेदोन तासांत नऊ मगरी दिसल्या, सर्वांत लहान हातभर लांबीची.

उघड्या तोंडाचा अर्थ मुलांना सांगा. ती रागावलेली नसते. मगरीचे रक्त आपल्यासारखे एका ठरावीक तापमानाला राहत नाही. अंग तापवायला ती उन्हात येते आणि जास्त तापले की तोंड उघडून उष्णता बाहेर टाकते. अंग गरम ठेवण्यासाठी तिला अन्न जाळावे लागत नाही, म्हणून थोड्या खाण्यावर ती बरेच दिवस काढते. दिवसभर आळशासारखी पडलेली दिसते. तिची खरी शिकार बहुधा रात्रीची, आणि मुख्य आहार मासे.

मादी काठावरच्या उंच, कोरड्या जागी खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्यात ठरलेले नसते, ते मातीच्या उबेवर ठरते. साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर निघतात, त्याहून थंड घरट्यात माद्या. साधारण दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, आतली पिल्ले आवाज देऊ लागतात. तो ऐकून आई वाळू उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्याने हाड फुटते, त्याच जबड्यात पिल्लाला ओरखडाही येत नाही. अल्लाहच्या कारागिरीचा धडा द्यायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी वर्गात सापडलेले नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. कराचीतल्या मंगोपीरच्या दर्ग्यावरच्या आणि बांगलादेशात बागेरहाट इथल्या खान जहान अलींच्या मजारीच्या तलावातल्या मगरींचे व्हिडिओ घरोघरी फिरतात. लोक त्यांना हाताने मांस घालताना दिसतात. त्या याच जातीच्या मगरी. पण त्या पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या हातचे खाणाऱ्या, बंदिस्त पाण्यातल्या. वाशिष्ठीची मगर रानटी आहे. होडीवाल्याला "जरा कोंबडी टाकून जवळ बोलवा ना" म्हणणारे पर्यटक आम्ही पाहिले. आमच्या होडीवाल्याने ठाम नकार दिला. तोच योग्य होता. होडी दिसली की खायला मिळते, हे मगर एकदा शिकली की उद्या ती मासेमाराच्या डोणीजवळही येईल.

हे आम्हाला नीट कळले ते होडीतून उतरल्यावर. धक्क्याजवळ एक वयस्क खाला कोरड्या माशांची टोपली घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही पैसे देऊन बघता, आम्हाला फुकट दिसतात." गेल्या पावसाळ्यात त्यांची गाभण बकरी काठावरून गेली होती. कपडे धुवायला त्या आता एकट्या जात नाहीत, दोघी-तिघी मिळून जातात. एक धुते, एक पाण्याकडे बघत उभी राहते. मगरीवर राग आहे का, असे आम्ही विचारले. "राग कसला? तिचे घर पाण्यात, माझे काठावर. पण बकरी माझी होती ना?"

या प्रश्नाचे उत्तर पर्यटकाकडे नसते, सरकारकडे मात्र थोडेफार आहे. मगरीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तिला मारणे, पकडणे, अंडी उचलणे हा गंभीर गुन्हा आहे. त्याच वेळी ज्या वन्यप्राण्यांनी माणूस मारला, जखमी केला किंवा जनावर नेले तर महाराष्ट्रात वनखाते भरपाई देते, त्या यादीत मगरही आहे. खालांना हे कुणी सांगितलेच नव्हते. जनावर गेले तर लगेच, उशिरात उशिरा दोन दिवसांत, वनखात्याला कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा. वनखात्याची मदतवाहिनी 1926. हा आकडा नदीकाठच्या प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असावा. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांचा अर्ज गावातल्या शिकलेल्या मुलांनी लिहून द्यावा. यातही सवाब आहे.

पावसाळ्यात गोष्ट आणखी अवघड होते. 22 जुलै 2021 चा महापूर चिपळूण विसरलेले नाही. नदी शहरात शिरते तेव्हा तिच्यातले जीवही शिरतात. 2024 च्या जूनअखेरीस चिंचनाका भागात भर रस्त्यावर चालणाऱ्या मगरीचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. अशा वेळी गर्दी करू नये, दगड मारू नये, शेपटीकडून धरायला तर मुळीच जाऊ नये. अंतर ठेवावे, मुलांना घरात घ्यावे आणि 1926 ला फोन करावा. सांगलीकडे कृष्णाकाठी मगरींच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत. भीती खरी आहे. म्हणूनच सावधगिरी हवी, मर्दुमकी नको.

आता थोडे कडू. हे आपल्याच लोकांना सांगायचे आहे, म्हणून आपल्याच मासिकात सांगतो. चिकन-मटणाच्या व्यवसायात आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. दुकानातली पिसे, आतडी, कातडी रात्री पोत्यात भरून पुलावरून नदीत टाकण्याची सवय अनेक गावांत आहे. बकरी ईदच्या तीन दिवसांत तर ओढे-नाले भरतात. मगर बोलावल्याशिवाय वस्तीजवळ येत नाही असे नाही, पण असे आयते खाणे म्हणजे दावतच. जिथे रोज आतडी पडतात तिथे ती ठाण मांडते. मग त्याच घाटावर कुणाची तरी आई कपडे धुवायला जाते.

कुर्बानी अल्लाहसाठी करायची आणि तिची घाण दुसऱ्याच्या घाटावर टाकायची, हे कुठल्या हिशेबात बसते? पाकी ही तर आपल्याकडे पहिली शिकवण. मशिदीच्या विश्वस्तांनी ईदच्या आठवडाभर आधी नगरपालिकेशी किंवा ग्रामपंचायतीशी बोलून गाडी ठरवावी. गाव लहान असेल तर वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर खोल खड्डा काढून, चुना टाकून पुरावे. ईदच्या नमाजआधी इमामसाहेबांनी दोन वाक्ये बोलली तरी फरक पडेल.

नदीला त्रास देणारे आपण एकटे नाही, हेही खरे. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्याविरुद्ध दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे आवाज उठवत आले आहेत. मासा मेला तर मासेमार उपाशी, आणि मगरही उपाशी. उपाशी मगर मग बकरीकडे बघते. नदीतल्या सगळ्यांचे पोट एकाच धाग्याने बांधलेले आहे.

तर मंडळी, जा. अगदी जरूर जा. होडीचे भाडे आधी ठरवा. हात पाण्यात घालू नका, होडीत उभे राहू नका, मोठ्याने बोलू नका. ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, वडीलधाऱ्यांचा हात धरा. वेफर्सची रिकामी पाकिटे परत घरी आणा. गोवळकोट, कालुस्ते अशा काठच्या गावांत आपल्या लोकांची जुनी वस्ती आहे, जुहरची जमात सहज मिळते. गोवळकोटचा गोविंदगड चढून गेलात तर वरून नदीचे वळण दिसते. शिद्दी आणि मराठे, दोघांनीही हा किल्ला का धरून ठेवला ते मुलांना न सांगता कळेल. रस्ते आणि रेल्वे नव्हती तेव्हा चिपळूणची माणसे आणि माल याच खाडीतून दाभोळला आणि तिथून मुंबईला जात.

परतताना धक्क्यावर कुणी सुकट, बोंबील विकत बसले असेल तर घासाघीस न करता घ्या. मगरींना सांभाळून घेण्याची खरी किंमत होडीच्या भाड्यात नसते. ती या काठावरची माणसे रोज मोजतात. त्यातला थोडा वाटा आपण उचलला, आणि येत्या ईदला आपल्या गल्लीतले एक पोते जरी नदीत जाण्यापासून थांबवले, तरी ही सहल सार्थकी लागली असे आम्ही समजू. मुलांनी काय पाहिले ते त्यांना दहा ओळींत लिहायला सांगा. चांगले निबंध आले तर पुढच्या एखाद्या अंकात, इन्शाअल्लाह, त्यांच्याविषयी लिहू.