मार्क्स, आगगाडी आणि आपला कापूस

१८५३ साल आपण कापूसवाल्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. एप्रिलात बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. मे महिन्यात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. कारण कर्जाचे सांगितले, डोळा कापसावर होता. आणि त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये बसून कार्ल मार्क्स न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रासाठी हिंदुस्थानावर लेख लिहीत होता.

मार्क्स इकडे कधी आला नाही. गावगाडा इंग्रजांनी मोडला त्याचे त्याला फार दुःख नव्हते. त्यावर आम्ही भांडणार नाही. जातीच्या उतरंडीत खालच्याला कसले सुख होते? पण आगगाडीचे मर्म त्याने बरोबर हेरले. गिरणीमालकांना रूळ हवेत ते इथला कापूस स्वस्तात ओढून न्यायला. पुढे तो म्हणाला, इंग्लंडात कामगारांची सत्ता येईपर्यंत, किंवा हिंदी लोक स्वतः जू फेकून देईपर्यंत, या सुधारणांचे फळ त्यांच्या पदरात पडणार नाही. म्हणजे पिकवणाऱ्याच्या हाती त्याचे फळ, हे स्वातंत्र्य.

रशियात कामगारांच्या नावाने सत्ता आली. कारखान्यांना भांडवल कुठून आणायचे? समाजवादी राज्याला वसाहती नाहीत, तेव्हा ते शेतकऱ्याकडूनच काढावे लागेल, असे प्रेओब्राझेन्स्कीने १९२६ साली सरळ मांडले. १९२८ मध्ये स्टालिनने त्याला खंडणीसारखे काहीतरी म्हटले. निदान शब्द तरी खरा वापरला! पुढे १९३२-३३ च्या दुष्काळात, धान्य पिकवणाऱ्या युक्रेनमध्येच लाखो माणसे उपाशी मेली. समुद्रापारची वसाहत नव्हती, म्हणून घरातली केली.

आपण १९४७ साली जू फेकले. १९७२ पासून तीसएक वर्षे या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. स्वतःचा कापूस सीमेपलीकडे चार पैसे जास्त भावाने विकायला नेला तर गाडी अडवली जायची. रात्री दिवे विझवून गाड्या काढणारे आजही आपल्या बैठकांना येतात. एकाधिकार गेला, पण मार्च २०१२ मध्ये दिल्लीने कापसाची निर्यात एकाएकी बंद केली. देशातल्या गिरण्यांना माल कमी पडू नये म्हणून. भाव पडले ते कोणाचे?

बैठकीला डावे मित्र आले तर मार्क्सच्या नावाने तावातावाने उठू नका. १८५३ चे ते लेख त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, निर्यातबंदीच्या वेळी तुम्ही गिरणीच्या बाजूला होता की शेताच्या?