रूळ सावकाश, यंत्र त्वरेने

काळाचा वेग वाढला, असे आपण शहरवासी ऊठसूट म्हणतो. बीड जिल्ह्यातील आष्टीकरांना मात्र दोन निराळे वेग ठाऊक आहेत. अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्गास मंजुरी मिळाली 1995 साली. आष्टीपर्यंतच्या अवघ्या 66 किलोमीटरवर प्रवासी गाडी धावली ती 23 सप्टेंबर 2022 रोजी! ती बीडला पोहोचण्यास 2025 साल उजाडावे लागले.

ऊसतोडणी यंत्राच्या बाबतीत अशी दिरंगाई नाही. त्याच्या खरेदीस किमतीच्या 40 टक्के, कमाल 35 लाख रुपये अनुदान देण्याची योजना राज्य सरकारने 2023 साली आणली. मजूर मिळत नाहीत, हे कारखानदारांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. पहाटेच्या थंडीत डोक्यावर मोळ्या वाहण्याचे हे काम पुढच्या पिढीनेही करावे, असे कोण म्हणेल? बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची 2019 साली चौकशी झाली, तेव्हा या श्रमाचे मोल साऱ्या महाराष्ट्रास कळले. यंत्र अवश्य यावे.

परंतु नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, त्या कोयत्याने मुकादमाकडून घेतलेली उचल फिटते ती ऊस तोडूनच. फड यंत्राकडे गेला, तरी कर्ज कोयत्याकडेच राहते. यंत्र घेणाऱ्यास अनुदान, आणि यंत्रामुळे रिकाम्या झालेल्या हातांस काय? ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपावर टनामागे दहा रुपये घेण्याचे धोरण आहे. या निधीतून अशा कुटुंबांची थकलेली उचल प्रथम फेडावी, आणि तीही पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी.