ॲडलस्ट्रॉप : डब्यातून दिसलेले स्थानक

तौलनिक साहित्याच्या तासाला एडवर्ड टॉमसची ‘ॲडलस्ट्रॉप’ ही छोटी कविता घेतली, की उत्तरपत्रिकांत ठरावीक शब्द येतात : शांतता, निसर्ग, हरपलेले ग्रामजीवन. दोष विद्यार्थ्यांचा नाही. हे आम्हीच शिकवत आलो.

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशरचे हे आडवळणी स्थानक १८५३ साली सुरू झाले. २४ जून १९१४ रोजी रॉबर्ट फ्रॉस्टच्या भेटीस निघालेल्या टॉमसची गाडी तेथे क्षणभर थांबली. वहीतल्या टिपणावरून जानेवारी १९१५मध्ये कविता झाली. एप्रिल १९१७मध्ये टॉमस आरासच्या रणभूमीवर मारला गेला, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी ती नियतकालिकात आली. महायुद्धापूर्वीच्या अखेरच्या उन्हाळ्याचे प्रतीक म्हणून ती वाचली जाते, ते स्वाभाविकच आहे. मात्र आमचे विवेचन येथेच थांबते.

स्थानकाचा इतिहास थांबत नाही. रेल्वेचा तोटा कमी करण्यासाठी १९६३ साली बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. १९६६मध्ये ॲडलस्ट्रॉप बंद झाले. मार्ग चालू राहिला. गाड्या आजही तेथून जातात, थांबत नाहीत. स्थानकाची पाटी गावातल्या बसथांब्याच्या निवाऱ्यात लावली आहे, सोबत कविताही. गाडी हवी असेल तर गावकऱ्यांनी किंगहॅम गाठावे!

कवितेत त्या फलाटावर कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. कवीला जो रितेपणा रम्य वाटला, तोच हिशेबनिसाच्या वहीत तोटा ठरतो. दोघांचीही नजर बाहेरून आलेल्याची आहे. गावाचे माणूस कवितेत फक्त खाकरते, दिसत नाही. कवितेचे मोल याने उणावत नाही, पण तिच्यावरून ‘ग्रामजीवन’ शिकवणे आम्हांस आता पटत नाही.

आणि हे दूरचेही नाही. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू होऊन पुढे लातूर, पंढरपूर, मिरजेपर्यंत गेलेली अडीच फुटी ‘बार्शी लाइट’ या शतकाच्या आरंभी रुंद रुळांत विरून गेली. तिच्याविषयी बोलतानाही आम्ही झुकझुक आणि धूर यांतच रमतो. बाजाराला, वारीला, शाळेला तिने जाणाऱ्यांच्या आठवणी अभ्यासाचा विषय होत नाहीत.

यंदा आम्ही प्रश्न बदलला आहे. ‘कवितेतील निसर्गचित्रण’ काढून तेथे विचारले आहे : डब्यात बसलेल्याला कोण दिसत नाही?