वसंतातले ऊन आणि हेमिंग्वेचे स्कीइंग

हेमिंग्वेच्या ‘ॲन अल्पाइन इडिल’ (१९२७) या कथेची चर्चा बहुधा एकाच प्रतिमेपाशी थांबते : मृत पत्नीच्या तोंडाला कंदील अडकवून लाकूड तोडणारा शेतकरी. आमच्या मते कथेची किल्ली तिच्या आरंभी, वसंतातल्या स्कीइंगमध्ये आहे.

ऑस्ट्रियातील सिल्व्रेटाच्या डोंगरांत महिनाभर स्कीइंग करून निवेदक व त्याचा मित्र जॉन मे महिन्यात गाल्टूर गावी उतरतात. वसंतातला बर्फ रात्री गोठतो, सकाळच्या उन्हात वरचा थर सैल होऊन घसरण्यास उत्तम ठरतो आणि दुपारपर्यंत त्याचा नुसता लगदा होतो. १९२४-२५ व १९२५-२६ चे हिवाळे सिल्व्रेटाजवळच्या श्रुन्स गावी काढलेल्या हेमिंग्वेला हे स्वानुभवाने ठाऊक होते.

म्हणूनच त्याच्या पात्रांना ऊन नकोसे झाले आहे. वसंत म्हणताच आम्रमोहोर आठवणाऱ्या मराठी वाचकाला हे विपरीत वाटेल. परंतु या त्रासामागे सुखातही फार काळ रेंगाळल्याने आलेली बधिरता आहे. शेतकऱ्याचेही तेच झाले. डिसेंबरात पत्नी वारली, बर्फाने दफनभूमीची वाट अडवली, प्रेत खोपटात राहिले आणि हळूहळू त्याची सवय झाली.

ही हकिकत ऐकत असताना जॉनला जेवणाची घाई आहे. शेतकऱ्याला रानटी ठरवून मोकळे होणारे वाचन ही भूक विसरते. आपणही त्याच टेबलाशी बसलो आहोत, हे विद्यार्थ्यांना जाणवले, तरच ही कथा शिकवली असे आम्ही म्हणू.