ऑटोमॅटिक ही चैन कुणाची?

गाडीच्या शोरूममध्ये 'ऑटोमॅटिक' हा शब्द कुठल्या शब्दांच्या पंगतीत बसतो, हे कधी नीट ऐकलंय का, मैत्रिणींनो? सनरूफ, अलॉय व्हील्स, मोठ्ठा टचस्क्रीन... आणि ऑटोमॅटिक! "मॅडम, ट्रॅफिकमध्ये पाय दुखणार नाही, एकदम आरामाचं काम," असं तिथला मुलगा हसत हसत सांगतो आणि त्या आरामाचे लहान गाडीतसुद्धा पन्नासेक हजार वर लावतो. ज्यांचे दोन्ही पाय धडधाकट आहेत त्यांच्या दृष्टीनं यात गैर काहीच नाही. परवडलं तर आराम घ्यावा, नाहीतर सिग्नलला क्लच दाबत बसावं. पण जिच्या डाव्या पायातला जोर दीड वर्षांची असतानाच पोलिओनं नेला, तिनं दाबायचं काय?

गोष्ट साधी आहे. गिअरच्या गाडीत पायाशी तीन पेडल्स असतात. उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळतो, डाव्याकडे फक्त क्लच. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नसतं, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. डावा पाय अधू असलेली बाई ही गाडी काहीही बदल न करता चालवू शकते. उजवा पाय अधू असेल तर ॲक्सिलरेटर डावीकडे बसवून घेता येतो. दोन्ही पायांत बळ नसेल तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवायच्या लिव्हरवर घ्यायचे. एक हात लिव्हरवर, दुसरा स्टिअरिंगवर... आता गिअर टाकायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून तिथंही ऑटोमॅटिकच बरी. लिव्हरचे पैसे वेगळे, ते बसवणाऱ्याची मजुरी वेगळी.

अपंग महिलांच्या एका बचत गटाचं काम मी गेली काही वर्षं करते. गटातल्या बऱ्याच जणी माझ्याच वयाच्या, चाळिशीच्या आगेमागे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण आमच्या पिढीत ज्यांना तो गाठायचा त्यांना गाठून गेला होता. या बायका आज शिक्षिका आहेत, बँकेत आहेत, कुणी शिवणकामाचं दुकान चालवते. वर्षानुवर्षं त्यांचं वाहन म्हणजे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली बिनगिअरची स्कूटर. कायनेटिक होंडा १९८४ मध्ये आली आणि अशा कितीतरी जणींनी तिला चाकं लावून घेतली. स्कूटरनं त्यांना उंबऱ्याबाहेर काढलं, यात शंका नाही. पण धो धो पावसात कुबडी, डबा, वह्यांचा गठ्ठा आणि मागे पोर घेऊन तीच स्कूटर चालवून बघा! पन्नाशी जवळ आली, खांदे दुखायला लागले की गाडीचा विचार सुरू होतो. "रिक्षा कर की," असं सांगणारे भेटतातच. रोज दोन वेळची रिक्षा महिन्याला किती होते हे त्यांनी एकदा मांडून पाहावं. आणि एसटीची पायरी किती उंच असते, ते मी सांगायला नको.

आमच्यातल्या एका शिक्षिकेनं मागच्या दिवाळीनंतर गाडी बघायला सुरुवात केली. सगळ्यात स्वस्त मॉडेलवर बोट ठेवलं तर उत्तर आलं, "याच्यात ऑटोमॅटिक येत नाही, मॅडम. वरचं घ्यावं लागेल." म्हणजे क्लचपासून सुटका हवी असेल तर टचस्क्रीनचेही पैसे मोजा. सीएनजी घेऊन रोजचा खर्च वाचवू म्हटलं, तर सीएनजी गाड्या वर्षानुवर्षं गिअरच्याच मिळायच्या. ऑटोमॅटिक सीएनजी आपल्याकडे पहिल्यांदा आली ती २०२४ मध्ये, आणि अजूनही मोजक्याच मॉडेल्समध्ये मिळते. शिवाय डिकीत सिलिंडर बसला की व्हीलचेअरवालीनं ती ठेवायची कुठं? जुन्या बाजारात जावं तर तिथं ऑटोमॅटिक कमी, आणि असेल तिचा भाव चढा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

आता जरा कराचं बघू. कंटाळा करू नका, गोम इथंच आहे. जीएसटी आल्यापासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस लागायचा. हातापायाचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल आणि अवजड उद्योग खात्याचं प्रमाणपत्र मिळालं, तर तीच गाडी १८ टक्क्यांत मिळायची, सेसही माफ. कारखान्याची किंमत पाच लाख धरली तर इतरांना ती ६ लाख ४५ हजारांना पडायची, अपंग व्यक्तीला ५ लाख ९० हजारांना. वाचले ५५ हजार. म्हणजे ऑटोमॅटिकसाठी जे जास्तीचे मोजावे लागतात, साधारण तेवढेच! ठरवून केलं असेल किंवा नसेल, पण तराजू सरळ झाला होता. गिअरची गाडी घेणारा शेजारी आणि ऑटोमॅटिकशिवाय गत्यंतर नसलेली ती, दोघं जवळपास सारख्याच पैशात गाडीत बसत होते.

२२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरचा कर सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला. शोरूममध्ये पेढे वाटले गेले, आम्हीही आनंदानं खाल्ले. पण त्या दिवसापासून अपंगांची सवलत ही सवलतच उरली नाही. जे सगळ्यांना मिळतं त्याला सवलत कोण म्हणेल? कुणी म्हणेल, तिचा एक रुपयाही वाढला नाही, मग तक्रार कसली? बरोबर, नाही वाढला. पण इतर सगळ्यांच्या गाड्या उतरल्या आणि तिची होती तिथंच राहिली. सक्तीनं घ्याव्या लागणाऱ्या ऑटोमॅटिकचा भार आता पुन्हा तिच्या एकटीच्या पर्समधून जातो.

पाच टक्के ही काही अशक्य गोष्ट नाही. व्हीलचेअरवर पाच टक्केच जीएसटी आहे. अपंगांच्या गाडीत बसवायच्या हँड कंट्रोलसारख्या किटवर तो पाच टक्के करायचा, असं जीएसटी कौन्सिलनं सप्टेंबर २०२१ मध्ये ठरवलं. म्हणजे किट हे साधन आहे, हे सरकारला मान्य आहे. मग ते किट ज्या गाडीत बसवायचं ती गाडी काय शोभेची वस्तू आहे? आणि जिला किटची गरजच नाही, नुसती ऑटोमॅटिक पुरते, तिच्यासाठी तर ती गाडी हेच साधन. इलेक्ट्रिक गाड्यांवर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के आहे, अगदी कोटभर रुपयांची घेणाऱ्यालासुद्धा! हवा स्वच्छ राहावी हे मलाही पटतं. इलेक्ट्रिकला क्लच नसतो हेही खरं, पण ती पेट्रोलच्या लहान गाडीपेक्षा काही लाखांनी महाग, आणि सोसायटीत चार्जिंगचा पॉइंट मिळवायचा म्हणजे चार मीटिंगा.

गैरफायदा घेतला जाईल, ही भीती मी नेहमी ऐकते. घेतला गेलाही आहे. प्रमाणपत्र बायकोचं, गाडी तिच्या नावावर आणि किल्ली कायम नवऱ्याच्या खिशात, अशी घरं मी पाहिली आहेत. ती बिचारी पुढच्या सीटवरसुद्धा क्वचितच. (एरवी बायकोच्या नावावर काही करायचं म्हटलं की कपाळाला आठ्या, इथं मात्र लगबग!) पण त्यावर उपाय म्हणून अटी होत्याच. गाडी अपंग व्यक्तीच्याच नावावर हवी, पाच वर्षं विकता येणार नाही. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या अर्जात 'दिव्यांगजन' असा मालकीचा वेगळा प्रकारही आला आहे. त्यात तिचं स्वतःचं लायसन्स हवं, एवढी अट आणखी घाला हवं तर. जी स्वतः चालवते तिला पाच टक्के, इतकं सोपं करता येईल.

गाडी कंपन्यांनाही एक विचारावंसं वाटतं. सगळ्यात खालच्या मॉडेलमध्ये ऑटोमॅटिक द्यायला हरकत काय आहे? अपंगत्वाचं प्रमाणपत्र दाखवणारीला ती गिअरच्या किमतीत दिली, तर वर्षाला अशा किती गाड्या खपतील? जाहिरातींवर जो पैसा उडतो त्याच्या पासंगालाही ते पुरणार नाही. ब्रिटनमध्ये मोटॅबिलिटी नावाची योजना १९७०च्या दशकापासून चालू आहे. अपंग व्यक्ती आपला सरकारी प्रवासभत्ता तिकडे वळवते आणि तिला गरजेनुसार गाडी भाड्यानं मिळते. आपल्याकडे एवढं लगेच होणार नाही, ठाऊक आहे. आपल्याकडे आधी नाव बदलतं. अपंगांना 'दिव्यांग' म्हणावं असं पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये सुचवलं, आणि पाट्या भराभर बदलल्या. पाटी बदलायला फारसा खर्च येत नाही.

आणि गाडी आली तरी शिकवणार कोण? आमच्या भागातल्या मोटार ट्रेनिंग स्कूलांमध्ये सगळ्या गाड्या गिअरच्या. "आधी गाडी घ्या, मग तुमच्याच गाडीवर शिकवू," असं तिघांनी सांगितलं. चालवता येईल की नाही हे कळायच्या आधी कुणी सहा-सात लाख कसे घालावेत? आमच्या गटातल्या चौघींनी मिळून एखादी जुनी ऑटोमॅटिक महिनाभर शिकण्यापुरती भाड्यानं मिळते का, याची चौकशी आम्ही सध्या करतो आहोत. दोन्ही बाजूंना पेडल असलेली, शिकवण्याचा परवाना असलेली ऑटोमॅटिक कुणाच्या माहितीत असेल तर पुरवणीच्या पत्त्यावर जरूर कळवा. पावसाळ्याआधी मिळाली तर फारच बरं होईल.