पटकन एखादी पालेभाजी

मराठी भाषेतला सर्वांत खोटारडा शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी 'पटकन' हा शब्द सांगेन. त्यातही 'पटकन एखादी पालेभाजी टाक' या वाक्यातला. हे वाक्य मी स्वतः गेली तीस वर्षं जिंतुरात, चपला काढता काढता, स्वयंपाकघराच्या दिशेनं फेकत आलो आहे. तेव्हा या खटल्यात फिर्यादीही मीच आणि आरोपीही मीच.

प्रकरण घडलं करडईवरून. आमच्याकडे तिला करडी म्हणतात. रब्बी ज्वारीच्या कडेनं हिचे तास पेरतात. मोठेपणी तिला काटे फुटतात आणि गुरं आत शिरत नाहीत. पण काटे फुटण्याआधी, विरळणीत उपटलेली कोवळी रोपं बाजारात येतात, आणि भाकरीशी त्यांची गाठ पडली की मी दुसरं काही मागत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' नावाचं करडईचं वाण काढलं आहे. विद्यापीठाचं लक्ष तेलावर, माझं भाजीवर.

तर पुण्याचे पाहुणे येलदरीचं धरण पाहून दुपारी जेवायला येणार होते. मी चार जुड्या आणल्या आणि उदारपणे म्हणालो, "फार काही करू नकोस. पटकन करडीची भाजी टाक. पाच मिनिटांचं तर काम."

"पाच मिनिटांचंच आहे ना?" सौ. म्हणाली, "मग करा की तुम्हीच!" आणि सूप माझ्या पुढ्यात आलं.

मी घड्याळ लावून बसलो. एकेक रोप घ्यायचं, मूळ खुडायचं, जून देठ काढायचा, पिवळं पान टाकायचं, उरलेलं उलटून मावा बघायचा. दुसऱ्या जुडीला पाठ बोलू लागली. चौथ्या जुडीत तण कोणतं आणि करडी कोणती हा भेदच मावळला. संत ज्याला अद्वैत म्हणतात ते हेच असावं. पन्नास मिनिटं गेली. मग काळ्या रानाची माती तीन पाण्यांत काढली. मग चिरणं. शेवटी तेलात जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भिजलेली मूगडाळ (ती सकाळी कुणी भिजवली, हे मी विचारलं नाही), वर पाला, मीठ, दाण्याचं कूट. एवढं मात्र खरंच आठ मिनिटांत झालं. आणि पातेलंभर पाल्याची उरली दोन वाट्या भाजी!

पाहुणे म्हणाले, "वा! किती सोपी असते हो ही!"

सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

माझी तक्रार पाककृतींच्या पुस्तकांबद्दलही आहे. कोणतंही उघडा. 'भाजी निवडून, धुवून, चिरून घ्यावी', आणि मग खरी कृती सुरू! म्हणजे सव्वा तासाचं काम तीन 'ऊन' प्रत्ययांत उरकलं. हे ऊन बाईला भर हिवाळ्यात लागतं, आणि त्याची नोंद कुठेच नाही. पुरणपोळीचं कौतुक होतं, कारण तिचा घाट चार माणसांना दिसतो. पालेभाजीचा घाट ओसरीवर, आपण पेपर वाचत असताना होतो. आपण पाहतो ती फक्त फोडणी. म्हणून आपण भाजीला 'साधी' म्हणतो आणि करणारीला काहीच म्हणत नाही.

तेव्हा माझी मागणी एवढीच, की जो 'पटकन' म्हणेल त्यानं आधी सूप ओढावं. निदान पेपर बाजूला ठेवून दोन जुड्या तरी निवडाव्यात. पेपर काय, दुसऱ्या दिवशी रद्दीच होतो.

हे सगळं मी सौ.ला तावातावानं ऐकवलं आणि शेवटी म्हणालो, "जाऊ दे, आज पटकन बटाट्याची भाजीच टाक."

"टाकते की," ती म्हणाली. "सोलून कोण देणार?"