एकदम गेला की हळूहळू?

तर झालं असं, की जानेवारीतल्या एका रविवारी सकाळीच बाबांचा फोन आला. "मॉनिटर लागत नाहीये." हा मॉनिटर म्हणजे २००७ साली माझ्या पहिल्या बोनसमधून त्यांना घेऊन दिलेला सतरा इंची एलसीडी. जरा चौकोनी, हल्लीसारखा लांबुळका नाही. त्यावर बाबा सोसायटीचे हिशेब लिहितात, पत्ते खेळतात आणि आजोबांची मोडीतली पत्रं वाचून देवनागरीत टाईप करतात. "नवीन घेऊन टाकू की!" मी फोनवरच म्हणून मोकळी झाले. ते काही बोलले नाहीत.

घरी गेल्यावर कुणालाही जमतं ते सगळं करून पाहिलं. वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. प्लग बदलला. सीपीयूची पॉवर केबल काढून मॉनिटरला लावली, दोघांना एकाच जातीची लागते. बटणाशेजारचा छोटा दिवा लागला असता, तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारून पाहिला असता. पुसटसं चित्र दिसलं तर समजायचं, की पडदा शाबूत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. पण इथे दिवाच लागेना.

घराजवळच्या दुकानदाराने मॉनिटर हातातसुद्धा घेतला नाही. "२००७ चा? मॅडम, म्युझियमला द्या," म्हणाला आणि नव्याचे भाव सांगायला लागला. मला राग आला. मग आठवलं, फोनवर मीही हेच म्हणाले होते. फक्त म्युझियम म्हणाले नव्हते एवढंच.

शेवटी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेले. तिथे जिन्याखालच्या एवढ्याशा जागेत एक काका बसतात. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "एकदम गेला की हळूहळू?"

मला माहीतच नव्हतं. बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"दिवाळीपासून सकाळी पटकन लागायचा नाही," बाबा सांगू लागले. "दिवा लुकलुकायचा. मग मी बटण दाबून दूध तापवायला जायचो. येईपर्यंत लागलेला असायचा. डिसेंबरात तेवढ्यानेही भागेना, म्हणून रात्री बंद करणंच सोडून दिलं. परवा रात्री लाईट गेले. आले तेव्हा हा लागलाच नाही."

"अहो बाबा, सांगायचं ना!"

"चालत होता की."

काकांनी मान डोलावली. "कपॅसिटर." मागचं झाकण उघडल्यावर मलाही दिसले. छोट्या डब्यांसारखे सहा कपॅसिटर ओळीने होते. त्यांचा माथा सपाट असायला हवा, पण चारांचा फुगला होता आणि एकाच्या डोक्यावर तपकिरी डाग सुकला होता. आतलं द्रव वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातं, वायू धरतो, माथा फुगतो. म्हणूनच माथ्यावर फुलीसारखी खाच मुद्दाम ठेवलेली असते, फुटलाच तर तिथून फुटावा म्हणून. २००० नंतरच्या काही वर्षांत तर सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत आणि मॉनिटरांत गेले होते आणि अकाली फुगले होते. असा कपॅसिटर थंडीत आणखी बिथरतो, गरम झाला की जरा बरा चालतो. बाबांचं दूध तापवायला जाणं अगदी शास्त्रशुद्ध होतं म्हणायचं!

सहाही बदलले. तेवढीच क्षमता, व्होल्टेज तितकंच किंवा थोडं जास्त, १०५ अंश सेल्सिअसवाले. मालाचे पंचाण्णव रुपये, मजुरीचे तीनशे. (घरी उघडून बघायचा मोह आवरा. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर तिचे सव्वातीनशे व्होल्ट होतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ते काही काळ दबा धरून असतात.)

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. त्या जाडजूड पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला मी खुशाल निरोप दिला होता. नवे एलईडी पडदे वीजही कमी खातात. हाही कधीतरी खरंच जाईल. मग त्याला भंगारवाल्याकडे न देता ई-कचऱ्यात द्यावं लागेल, कारण मागच्या नळ्यांत पारा आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२३ च्या एप्रिलपासून लागू झाले, दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारने २०२२ च्या डिसेंबरात पोर्टल काढलं. चांगलंच आहे. पण माझी तक्रार वेगळी आहे. वस्तू काय भावाची आहे हे आपण आधी विचारतो, ती कशी गेली हे विचारतच नाही. दुकानदाराने विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मी तर दर रविवारी तिथे जात होते. पडदा चालू दिसायचा, म्हणजे सगळं ठीक!

असो. संध्याकाळी मॉनिटर जोडून दिला. बटण दाबताक्षणी लागला. बाबांनी सवयीने स्वयंपाकघराकडे दोन पावलं टाकली होती, ती मागे घेतली.

"बाबा, आणखी काय काय असं चालतंय?" मी विचारलं.

ते पत्ते लावत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "डावा कान."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून असेल. फोन उजव्याला लावतो, मग चालतं."